आद्याक्षरं

त्यांनी मला एवढंच विचारलं,
"ही आद्याक्षरं तुमचीच का?"
मी म्हटलं, हो, माझीच.
डी. एच. म्हणजे डॉरीन हिस्लॉप.
एकतीस वर्षं प्रत्येक नोंदीच्या उजव्या कोपऱ्यात
मीच ती टेकवत आलेय
निळ्या शाईत, हात न थांबवता.

ओमारूहून क्राइस्टचर्च, बसनं चार तास.
डबा घेतला होता, उघडला नाही.
मला वाटलं होतं, न्यायाधिकरण म्हणजे
उंच छत, काळे झगे, कुठंतरी एखादा सिंह कोरलेला.
निघाली हॉटेलातली बैठकीची खोली.
मधोमध पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी,
आणि भिंतीपलीकडं कुणाच्या तरी लग्नाची तालीम,
तोच तो वाजंत्रीचा तुकडा, दर वेळी तिथंच चुकणारा.

समोर पाच जण. तीन वकील, दोन बिनवकील.
त्यातली एक बाई आधी सुईण होती म्हणे.
तीच तेवढी माझ्याकडं बघत होती.
मिस्टर पेट्री बघत होते गोळ्यांकडं.

अशिलांच्या खात्यातून स्वतःच्या खात्यात,
नऊ वेळा.
मी कधी मोजलं नव्हतं.
मी फक्त पाहिलं होतं.

विल्मा टॉडनं काकानुईची टोमॅटोची शेती विकली
आणि चेक आमच्याकडंच ठेवला,
"तुम्ही म्हणजे बँकेपेक्षा बरे" म्हणून.
वर एक पिशवीभर टोमॅटो, शेवटच्या तोडीचे.
टोमॅटो आम्ही वाटून घेतले.
पैसे त्यांनी एकट्यानं.

सगळे परत केले हो. राहतं घर विकून, व्याजासकट.
त्यांच्या वकिलानं हे तीनदा सांगितलं
(वकिलालाही वकील लागतो, हे मला तिथं कळलं).
अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले,
परत ठेवलं म्हणजे उचललंच नव्हतं, असं होत नाही.
मग एकेक पायरी वाचत गेले:
ताशेरे पुरेसे नाहीत. दंड पुरेसा नाही.
निलंबनावर जरा रेंगाळले.
तिथंच थांबा, मी मनात म्हणाले,
तिथंच, एवढ्यावरच.
पुढचं वाक्य फार लहान होतं.
सनद रद्द. नाव पटावरून कमी.

शाळेत आमच्या वर्गातली आयलीन अशीच
पटावरून कमी झाली होती, बापाची बदली झाली म्हणून.
हजेरी घेताना बाई त्या जागी
पुढं कितीतरी दिवस श्वासाएवढ्या थांबायच्या.
मिस्टर पेट्रींच्या जागी कोण थांबेल?

"अजून काही सांगायचंय?" सुईणबाईंनी विचारलं.
मला. त्यांना नाही, मला.
अकरा महिने आधीचा तो मंगळवार,
खतावणीतली ती ओळ, तिच्यावर रेंगाळलेलं माझं पेन,
आणि मग कोपऱ्यात गुमान बसलेलं डी. एच.,
हे सगळं जिभेवर आलं होतं.
पलीकडं वाजंत्री परत चुकली.
मी म्हटलं, नाही.

आता ऑफिसात खोकी आहेत.
दोनशे बारा अशिलांना पत्रं गेली, आपापली कागदपत्रं घेऊन जा.
लोक येतात, आवाज खाली ठेवतात,
मयताच्या घरी आल्यासारखे.
काल विल्मा आली. पाय सुजलेले, टोपी तीच.
माझा हात हातात घेऊन म्हणाली,
"तुला काय ठाऊक असणार, बिचारी."

ताशेरे, दंड, निलंबन, सनद.
हा शब्द त्यांच्या यादीत नव्हता.

मी फाइल पुढं केली. सह्या कुठं करायच्या ते दाखवलं.
"तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, डॉरीन,"
ती म्हणाली,
आणि अंगठा जिभेला लावून
पानं मोजायला लागली.